वगळलेली एकोणचाळीस

हात बरोबर होते, एवढेच त्यांना बाबालाल मुजावर यांच्याकडून लिहून हवे होते.

मसुदा चार पानांचा होता. 'हस्तगुरू' प्रकल्प कार्यालयातून आलेल्या माणसाने तो चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून दिली. अपघात दहा दिवसांपूर्वीचा, मिरजेबाहेरच्या एका टँकर दुरुस्तीच्या गॅरेजमधला. वैजयंता शिरतोडे, वय वीस, आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडलेली, शिकाऊ उमेदवारीचा तिसरा आठवडा. रिकाम्या टँकरच्या बुडाला गेलेली चीर सांधताना टाकीचा स्फोट झाला. चेहरा आणि दोन्ही हात भाजले. डोळ्यांबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नव्हते. त्या वेळी तिच्या हेल्मेटमध्ये, हात कसा चालवायचा ते दाखवणारी हस्तगुरूची काच चालू होती आणि काचेत दिसणारे हात बाबालाल यांचे होते.

निष्कर्ष तिसऱ्या पानावर होता. टाकी धुतल्याची स्वतः खात्री न करता उमेदवाराने काचेतल्या प्रश्नाला 'धुतली' असे उत्तर नोंदवले. काम सुरू करण्यापूर्वी अकरा सेकंद तिचे लक्ष विचलित झाले. याच काळात तिने हेल्मेट अनावश्यकपणे उचलले. मार्गदर्शक हातांच्या हालचालीत दोष आढळत नाही. सबब, निष्काळजीपणा उमेदवाराचा.

हे कायम झाले की तिचा परवाना जाणार होता. डोळे वाचले तरी पुढे कुठलाही कारखाना तिच्या हाती रॉड धरायचा होल्डर देणार नव्हता.

"नुसती औपचारिकता आहे, चाचा," तो माणूस म्हणाला. "हात तुमचे. ते बरोबर चाललेत एवढं तुम्ही म्हणायचं."

"आधी बघायला पाहिजेत."

"काय?"

"हात."

त्याने नाइलाजाने टॅबलेट पुढे केला. बाबालाल यांनी चष्मा पुसून घेतला. पडद्यावर टँकरचे बूड होते आणि हवेत तरंगणारे दोन अर्धपारदर्शक हात. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जुन्या भाजल्याचा पांढरा डागसुद्धा जसाच्या तसा. रॉडचा कोन बरोबर, अंतर बरोबर. चाळीस वर्षांत त्यांनी ज्या कामाचे नाव कमावले, ते काम ते हात बिनचूक करत होते. पण त्यांच्या मागे पोरीचे हातमोज्यातले हात दिसत होते आणि त्यांतला होल्डर धरलेला हात हलत नव्हता. बाबालाल यांचा हात पुढे जायचा, तिचा येत नाही म्हणून मागे यायचा, परत पुढे जायचा. हात जुळले नाहीत की काचेतल्या हाताचा काठ नारिंगी होतो. अकरा सेकंद तो नारिंगीच होता. मग पोरीचा हात पुढे गेला, काठ हिरवा झाला आणि चित्रण संपले.

त्यांनी ते तीनदा पाहिले. नवशिक्याचे लक्ष उडाले की हात भरकटतो, नाहीतर थरथरतो. हा हात जागच्या जागी घट्ट होता.

"सही मंगळवारी करतो," ते म्हणाले. "सुनावणीला मीच येतो."

हस्तगुरू म्हणजे चित्रफीत नव्हे, हे लोकांना पुनःपुन्हा सांगावे लागे. चित्रफितीत एकाच जोडाचे काम दिसते आणि शिकणाऱ्यापुढे रोज वेगळा जोड असतो. म्हणून एखाद्या कसबी माणसाला काच लावून वर्ष-दीड वर्ष काम करायला सांगायचे. समोर काय होते आणि त्याने हात कसा चालवला, अशा शेकडो नोंदी यंत्राला द्यायच्या. त्यांतून यंत्र त्या माणसाची रीत उचलते. पुढे कधीही न पाहिलेला जोड समोर आला तरी 'इथे या माणसाने काय केले असते' याचा अंदाज बांधून ते त्याचे हात शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करते. शिकणाऱ्याची उंची कमी असेल तर हात खाली येतात, गती कमी असेल तर सावकाश चालतात. उस्तादाच्या खांद्याशी उभे राहून शिकायचे, त्याऐवजी उस्तादाच्या हातात हात घालून शिकायचे.

राज्यातल्या जवळपास तीनशे आयटीआयमध्ये वेल्डिंगसाठी बाबालाल यांचे हात होते. पोरांनी त्यांना पाहिले नव्हते, पण सगळी त्यांना 'चाचा' म्हणत. एखाद्याचा जोड सुबक आला की निदेशक म्हणत, आज चाचा अंगात आलेत. निवृत्त माणसाला आणखी काय हवे असते?

हे सगळे जुळवून आणले होते त्यांच्या मुलीने. तहसीन पुण्याला हस्तगुरूत अभियंता होती. वेल्डरची निवड चालली असताना तिनेच वडिलांचे नाव पुढे केले होते.

शनिवारी बाबालाल रुग्णालयात गेले. खाटेशेजारी वैजयंताची आई मालन मोसंबी सोलत बसली होती. त्यांनी नाव सांगितले तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. तिने हातांकडे पाहिले.

"हेच व्हय ते," ती म्हणाली. "लई ऐकलंय ह्यांचं. भाकरी थापताना पण पोरगी सांगायची, चाचांचं मनगट असं वळतं."

"कोण आहे गं आई?" वैजयंताने विचारले. कपाळापासून नाकापर्यंत पट्टी होती. हात कोपरापर्यंत गुंडाळलेले.

"तुझे चाचा आलेत. पायानं चालत. आम्हाला वाटलं, नुसते हातच असत्यात."

पोरगी उठायची धडपड करू लागली. बाबालाल यांनी तिला पडून राहायला सांगितले. काय बोलावे ते वाटेत ठरवून आले होते, ते सगळे विसरले. शेवटी सरळच विचारले, "रॉड टेकवायच्या आधी तू थांबली होतीस. काय करत होतीस?"

हा प्रश्न तिला आतापर्यंत कुणी विचारलेला नसावा.

"वास आला होता," ती म्हणाली.

"कसला?"

"गोडसर. नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा. हेल्मेट वर करून परत घेतला. मालक म्हणाले होते टाकी धुतलीय. धुतलेली होतीच, बुडातनं पाणी ठिबकत होतं. पण वास होता."

"मग?"

"मग तुमचा हात पुढं गेला." तिचा आवाज शांत होता. "मी थांबले. तो मागं आला, परत पुढं गेला. मला वाटलं, चाळीस वर्षं काम केलेला माणूस आहे. ह्यांचा हात थांबत नाही म्हणजे माझ्याच नाकाचं काहीतरी चुकतंय."

मालनने मोसंब्याची फोड तिच्या ओठांशी नेली. तिने मान हलवून नको म्हटले.

"तुमचा हात कधीच थांबत नाही, चाचा. आयटीआयपासून एकदापण थांबलेला बघितला नाही मी."

बाबालाल बाहेर येऊन रुग्णालयाच्या पायरीवर बसले. पोरगी म्हणाली ते त्यांना पटत नव्हते, कारण ते खरे नव्हते. त्यांचा हात थांबायचा. पुष्कळदा थांबायचा.

मिरजेच्या टाकीवाल्या वेल्डरांत एक रीत होती. टाकीचे झाकण उघडायचे, तोंडाशी वास घ्यायचा, हातोडीने चहूबाजूंनी वाजवायचे आणि मन खात नसेल तरच रॉड लावायचा. मन खात असेल तर होल्डर जमिनीवर ठेवायचा. वेल्डरने होल्डर जमिनीवर ठेवला की त्या दिवशी त्या टाकीचे नाव कुणी काढायचे नाही. कारण विचारायचे नाही, मालकानेही नाही. कारण बऱ्याचदा वेल्डरलाही सांगता यायचे नाही. टाकीच्या पोटात लोखंडी पत्र्याचे आडवे पडदे असतात. पाणी मारून धुतले तरी पडद्यांच्या कोपऱ्यांत आधीच्या मालाचा अंश राहतो आणि बुडाला उष्णता लागली की त्याची वाफ होते. ही वाफ डोळ्याला दिसत नाही. बाबालाल यांच्या उस्तादाने त्यांना पहिली दोन वर्षे रॉड हाती दिला नव्हता, नुसत्या टाक्या हुंगायला लावल्या होत्या.

काच लावून चौदा महिने काम केले तेव्हाही त्यांनी होल्डर जमिनीवर ठेवला होता. किती वेळा, ते त्यांना आठवेना.

रविवारी दुपारी तहसीन आली. तिने चपला काढल्या तेव्हाच तिच्या हातातली फाइल त्यांना दिसली.

"तुला पाठवलंय?"

"पाठवलं असं नाही. मीच म्हटलं, मी जाते."

"जेवून घे आधी."

जेवताना दोघे हवापाण्याचे बोलले. ताटे उचलल्यावर बाबालाल यांनी विचारले, "मी काच लावून होल्डर खाली ठेवायचो, त्या नोंदी कुठं आहेत?"

तहसीनने पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला. "त्या घेतल्या नाहीत."

"का?"

"अब्बा, यंत्र शिकतं ते गुणांवर. काम झालं की त्या जोडाचा एक्स-रे काढायचा, वाकवून बघायचं, गुण द्यायचे. गुण चांगले तर हात असाच चालवायचा, एवढं त्याला कळतं. ज्या कामात जोडच झाला नाही त्याला गुण काय देणार? रॉड लावला नाही, काम अपूर्ण. यंत्राच्या दृष्टीनं त्यात शिकण्यासारखं काही नसतं."

"यंत्राच्या."

"आमच्याही," ती म्हणाली. "तेव्हा."

"किती होत्या?"

"एकोणचाळीस. बाराशे बारांपैकी."

आकडा तिच्या तोंडून लगेच आला. बाबालाल तिच्याकडे पाहत राहिले. "कधी मोजल्यास?"

"अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. याद्यांवरून."

बाहेर कुणी भंगारवाला ओरडत गेला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"शंका होती." ती खाली बसली. "ऐका ना अब्बा. हस्तगुरू आल्यापासून आयटीआयमध्ये पोरं भाजण्याचं प्रमाण निम्म्यावर आलंय. हे पण खरंच आहे ना? हे बंद पडलं तर शिकवणार कोण? तुमच्यासारखे उस्ताद राहिलेत कुठं? आम्ही दुरुस्त करतो. दोन महिने द्या. बंद टाकी दिसली की हात यायचाच नाही, पोरानं स्वतः तपासून सांगितल्याशिवाय. करता येतं ते. गाजावाजा न करता करता येतं."

"आणि तिचं?"

तहसीनने फाइल जवळ ओढली.

"तुमचे काचेतले हात दुरुस्त होतील. ती कागदावर निष्काळजीच राहील."

"नाहीतर माझं नाव येईल," तहसीन म्हणाली. "नोंदी वगळायचा निर्णय माझा होता. वरच्या कुणाचा नाही. दर महिन्याच्या यादीवर माझं नाव आहे."

"आणि कुणाचं?"

"खाली तुमची सही आहे." हे ती पुटपुटल्यासारखे म्हणाली. "ज्याचे हात, त्याची मान्यता. दर महिन्याला मी कागद आणायचे, आठवतं? तुम्ही म्हणायचात, दे इकडं, तू बघितलंयस ना."

बाबालाल यांना आठवत होते. यादीच्या शेवटी ठळक अक्षरांत 'पूर्ण कामे' असे लिहून आकडा असे. तो आकडा मोठा दिसला की त्यांना बरे वाटायचे. त्याच्या वरची ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती.

"त्या याद्या मला दे."

"अब्बा."

"दे म्हणतोय."

तिने दिल्या नाहीत. फाइल उचलून ती चारच्या गाडीने पुण्याला गेली. जाताना नेहमीप्रमाणे 'पोचले की फोन करते' म्हणाली नाही. सोमवारी सकाळी मात्र बाबालाल यांच्या फोनवर चौदा कागद आले, एकामागून एक. सोबत एक अक्षरही नव्हते.

सुनावणी मंगळवारी अकरा वाजता सुरू झाली. चौकशी अधिकारी नगराळे हे नेमके बोलणारे, कमी वयात टक्कल पडलेले गृहस्थ होते. त्यांनी मसुद्यातला परिच्छेद वाचला आणि बाबालाल यांच्याकडे पाहिले.

"हातांची हालचाल बरोबर होती, हे आपल्याला मान्य आहे?"

"हालचाल बरोबर होती, साहेब. हलायलाच नको होतं."

खोलीत प्रकल्पाचे चार लोक होते. तहसीन शेवटच्या खुर्चीत बसली होती.

"स्पष्ट करा."

बाबालाल यांनी ते अकरा सेकंदांचे चित्रण लावायला सांगितले. "इथं तिचा होल्डरचा हात बघा. हलतोय का? लक्ष उडालेल्याचा हात असा राहत नाही. आता ती हेल्मेट उचलतेय."

"अनावश्यकपणे, असं नोंदवलंय."

"नाक हेल्मेटच्या आत असतं, साहेब."

नगराळे यांनी लिहिणे थांबवले.

"टाकी धुतलीय हे तिला मालकानं सांगितलं होतं. तरी तिला वास आला होता. ती थांबली. थांबणं हेच त्या वेळचं बरोबर काम होतं. माझ्या उस्तादानं मला दोन वर्षं तेवढंच शिकवलं. पण काचेतला माझा हात तिला 'चल, चल' म्हणत राहिला. मी तिथं स्वतः असतो तर होल्डर खाली ठेवला असता."

"हे आता म्हणणं सोपं आहे."

"काच लावून काम करताना मी एकोणचाळीस वेळा ठेवलाय." त्यांनी कागद पुढे सरकवले. "प्रत्येक यादीत तळाच्या आकड्याच्या वरची ओळ. 'अपूर्ण, वगळली.' यंत्राला फक्त पुढं जाणारा हात दाखवला. थांबणारा हात त्यानं बघितलेलाच नाही. मग ते कुठनं थांबणार? आणि त्याच्याकडनं शिकलेली पोरं तरी कशी थांबणार?"

नगराळे यांनी कागद एकेक करून पाहिले. चौदावा त्यांनी खाली ठेवला.

"नोंदी वगळण्याचा निर्णय कुणाचा होता?"

कागदावर नाव होते, ते अधिकाऱ्याला दिसत होते. तरी त्याने विचारले होते आणि उत्तर नोंदवले जाणार होते. बाबालाल यांनी मागे वळून पाहिले नाही.

"तहसीन बाबालाल मुजावर यांचा."

"आपल्या कोण?"

"मुलगी."

"आणि याद्या तपासण्याची जबाबदारी?"

"माझी. चौदा सह्या आहेत. एकही यादी मी वाचली नाही. माझे हात राज्यभर जाणार, एवढंच डोक्यात होतं. माझ्या मुलीनं केलं ते चुकीचं होतं हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं आयुष्यात टाकी हुंगलेली नाही. मला मात्र कळत होतं. मी वाचलं नाही."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

दुपारी दीड वाजता नगराळे यांनी तिसरे पान मागे घेतले. वैजयंता शिरतोडेचा परवाना कायम राहिला. बंद टाक्या आणि पिंपांच्या कामात हस्तगुरूचा वापर त्याच दिवसापासून थांबवण्यात आला. तहसीन मुजावर यांना पुढील चौकशी होईपर्यंत प्रकल्पातून दूर करण्यात आले. बाबालाल यांच्यावर ठपका ठेवावा की नाही हे ठरवणे वरिष्ठांकडे सोपवण्यात आले.

बाहेर कडुलिंबाखाली तहसीन उभी होती. फाइल तिने छातीशी धरली होती. बाबालाल तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"नाव घेतलंत," ती म्हणाली.

"त्यांनी विचारलं."

"माहीतेय." थोड्या वेळाने तिने विचारले, "ती पोरगी बोलते?"

"बोलते."

"मला ओळखते?"

"तुझं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही."

तहसीनने फाइल पिशवीत कोंबली. "रिक्षा करा," ती म्हणाली.

दोघे रुग्णालयात आले. खोलीच्या दाराशी बाबालाल थांबले. मुलीबरोबर आत जाणे म्हणजे तिची ढाल होणे, आणि ते त्यांना करायचे नव्हते. ते दाराबाहेर भिंतीला टेकून राहिले. तहसीन आत गेली आणि खाटेपासून चार हात अंतरावर उभी राहिली.

"कोण?" वैजयंताने विचारले.

"मी तहसीन मुजावर. चाचांची मुलगी." "काचेतले हात मी तयार केले. यंत्राला शिकवताना अब्बा एकोणचाळीस वेळा थांबले होते, होल्डर खाली ठेवून. त्या नोंदी मी काढून टाकल्या. म्हणून तुमच्या काचेतला हात थांबला नाही."

मालन उठून उभी राहिली. काय करावे हे तिला सुचले नसावे. ती तशीच उभी राहिली.

वैजयंताने मान आवाजाकडे वळवली.

"एकोणचाळीस?"

"हो."

"म्हणजे वास होता," ती म्हणाली. आणि पुन्हा, आईच्या दिशेने, "आई, वास होता."

मालनने पदर तोंडाला लावला.

"कुठं कुठं थांबले होते?" वैजयंताने विचारले. "एखादं सांगा की. काय होतं टाकीत? कशावरनं कळलं त्यांना?"

एकोणचाळीस नोंदींपैकी एकही तहसीनने पाहिलेली नव्हती. 'अपूर्ण' अशी खूण दिसली की त्या एका फटक्यात पुसल्या जायच्या. त्या आता कुठेच नव्हत्या. तिने दाराकडे पाहिले.

बाबालाल आत आले. मालनने त्यांच्याकडे पाहिले आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले. काही आठवत होत्या, काही नव्हत्या. आठवतील तशा सांगायच्या होत्या.

"पहिली टाकी कवठेमहांकाळची," ते म्हणाले. "दुधाचा टँकर होता. दुधाला कसला धोका? म्हणून मी थांबणारच नव्हतो."